संकेतस्थळाची सजावट आणि मराठी मजकुराची वाचनीयता : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
महाविद्यालयाचे संकेतस्थळ आता केवळ प्रतिष्ठेचा विषय राहिलेला नाही. राळेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी प्रवेश, शिष्यवृत्ती आणि परीक्षा-अर्जाच्या सूचना विद्यार्थी मोबाइलवर, बरेचदा भर उन्हात उभे राहून वाचतात. अशा वेळी शेवटची तारीख दिसली नाही, तर नुकसान विद्यार्थ्याचे होते. म्हणून तयार थीममध्ये बदल करताना मजकुराच्या वाचनीयतेचे काय होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रंगसंगती :
वेब मजकुराच्या सुगम्यतेसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार (एए पातळी) अक्षर व पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेदाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे, मोठ्या अक्षरांसाठी ३:१ पुरते. केशरीची एक परिचित छटा (लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) पांढऱ्यावर वापरल्यास हे गुणोत्तर सुमारे २.१:१ भरते. म्हणजे ठळक मथळासुद्धा निकषात बसत नाही. मूळ थीम सुगम असली, तरी केवळ रंग बदलल्याने तो गुण नष्ट होऊ शकतो.

लिपीचा प्रश्न :
अनेक थीम रोमन लिपी समोर ठेवून घडविल्या जातात. अक्षरांमधील वाढीव अंतर रोमन मथळ्याला शोभते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर कमी ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, अनुस्वार एकमेकांना भिडतात. ठरावीक उंचीच्या बटणात मात्रा छाटल्या जातात. पानाची भाषा मराठी असल्याची खूण संकेतात नसेल, तर वाचक-प्रणाली मराठी मजकूर दुसऱ्याच भाषेच्या उच्चाराने वाचू शकते. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे प्रमाणित केलेली ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे दाखविण्याची सोय काही फाँटमध्ये असते; तीही या खुणेवरच अवलंबून असते.

सूचनेचे चित्र :
सर्वांत गंभीर दोष सजावटीपलीकडचा आहे. सही-शिक्क्याची सूचना स्कॅन करून चित्ररूपात टाकली, की दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते पान कोरेच राहते. युनिकोडपूर्व फाँटमधील मजकूर वाचक-प्रणालीला निरर्थक रोमन अक्षरांची माळ म्हणून मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. त्यामुळे हा प्रश्न सौजन्यापुरता मर्यादित राहत नाही.

समारोप :
थीम बदलू नये, असे येथे सुचवायचे नाही. संस्थेची ओळख रंगांतून व्यक्त होणे स्वाभाविक आहे. परंतु बदल मूळ थीमच्या उपथीममध्ये करावेत, म्हणजे अद्ययावतीकरणात ते पुसले जात नाहीत. प्रत्येक बदलानंतर गुणोत्तर मोजावे, मजकूर दुप्पट मोठा करून पाहावा आणि पान एकदा मोफत उपलब्ध असलेल्या एनव्हीडीए या वाचक-प्रणालीद्वारे ऐकावे. सूचनेच्या चित्रासोबत तिचा युनिकोड मजकूरही द्यावा. या कामाला वेगळा निधी लागत नाही. मुखपृष्ठ किती आकर्षक आहे, यापेक्षा शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला ते वाचता येते की नाही, हाच संकेतस्थळाच्या मूल्यमापनाचा पहिला निकष असला पाहिजे.