तळ्याकाठी कोणाला विचारायचं?

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘परिसर विकास आणि नागरिकांचा सहभाग’ असा जाहीर झालेला आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी तो तळ्याकाठच्या बागेपुरता घेतो. आपल्याकडे तळं नाही असं शहर विरळाच. कोल्हापूरचा रंकाळा, ठाण्याचा मासुंदा, नागपूरचे अंबाझरी आणि फुटाळा, पुण्यातलं पाषाण, मुंबईतलं पवई. आणि यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी ‘सुशोभीकरण’ आलेलं आहे.

पूर्वी तक्रार अशी असायची, की आम्हाला कोणी विचारतच नाही. आता ती तक्रार पूर्ण खरी राहिलेली नाही. आता विचारतात. सोसायटीच्या ग्रुपवर फॉर्म येतो, वॉर्ड ऑफिसात बैठक होते, संकल्पचित्राचा फलक बागेच्या फाटकाशी लागतो. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. विचारतात ते काय विचारतात, कोणाला विचारतात, आणि मिळालेल्या उत्तराचं पुढे काय होतं? या तीन प्रश्नांना धड उत्तर नसेल, तर त्या विचारण्याला सहभाग म्हणणं ही भाषेची फसवणूक आहे.

पहिला प्रश्न घेऊ. काय विचारतात? असा फॉर्म तुम्ही पाहिला असेल. तुम्हाला जॉगिंग ट्रॅक हवा की ओपन जिम? कारंजं हवं की सेल्फी पॉइंट? पेव्हर ब्लॉक लाल की राखाडी? (हशा) हसू नका, रंग खरंच विचारतात. या फॉर्मात एक प्रश्न कधीच नसतो : काठावर काही बांधायचं का? तो निर्णय आधीच झालेला असतो. रक्कम मंजूर असते, आणि ती खर्च करायची तर काहीतरी बांधलंच पाहिजे. गाळ किती साठलाय, सांडपाण्याचा नाला तळ्यात कुठून येतो, जलपर्णी दरवर्षी का फोफावते, हे प्रश्न त्या कागदावर येत नाहीत. कारण त्यांची उत्तरं फीत कापून उद्घाटन करण्याजोगी नसतात.

आणि ‘सुशोभीकरण’ हा शब्दच बघा. शोभा आणायची म्हणजे आत्ता ती नाही, हे गृहीत धरलेलं आहे. चिखलाचा काठ, त्यात उभे असलेले बगळे, लव्हाळ्याची दाटी, हे सगळं या शब्दाच्या नजरेला ‘मोकळी पडलेली जागा’ दिसतं. शब्दाने निर्णय आधीच घेऊन टाकला, आपण फक्त रंग निवडायचा.

तत्त्वज्ञानात एक जुना भेद आहे. रूसोने 1762 साली ‘सामाजिक करार’ या ग्रंथात सगळ्यांच्या इच्छांची बेरीज आणि समाजाची समाईक इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. रूसोचं सगळं मला पटतं असं नाही, पण हा भेद आपल्या फार कामाचा आहे. फॉर्म माझी आवड विचारतो. मला सकाळी पळायला सपाट रस्ता आवडतो, हे खरंच आहे. पण ‘या तळ्यासाठी काय योग्य?’ असं विचारलं, तर मला थांबावं लागतं, शेजाऱ्याचं ऐकावं लागतं, माझ्या आवडीविरुद्धही मत द्यावं लागतं. आवडी एकट्याने सांगता येतात, निर्णय चारचौघांत बसून घ्यावा लागतो. आपले फॉर्म आवडी गोळा करतात आणि वर लिहितात : ‘नागरिकांचा निर्णय’.

अमेरिकेत शहर-सुधारणेच्या सरकारी योजनांमध्ये काम केलेल्या शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 साली सहभागाची एक शिडी मांडली. आठ पायऱ्यांची. सर्वांत खाली लोकांना हवं तसं वळवणं, मग त्यांची समजूत काढणं. या दोन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. मधे माहिती देणं, मत विचारणं, एखाद-दोघांना समितीवर घेऊन गप्प करणं. ही नावापुरती भागीदारी. आणि वर खरी भागीदारी, सोपवलेले अधिकार, लोकांचं नियंत्रण. आपल्या बागांच्या बैठका या शिडीवर ठेवून बघा. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पायरीवर घुटमळताना दिसतील. माहिती मिळते, मत घेतात, पण ते मत नाकारायचं असेल तर नाकारणाऱ्यावर कसलंच बंधन नाही.

आता दुसरा प्रश्न. कोणाला विचारतात? ‘रहिवाशांना’. पण तळ्याचा रहिवासी कोण? समोरच्या इमारतीत ज्याची बाल्कनी तळ्याकडे आहे तो? की काठावर गळ टाकून बसणारा? दुपारी पोळीभाजीचा डबा उघडून झाडाखाली बसणारी, चार घरची कामं करणारी बाई? शेंगदाणेवाला? यांच्यापैकी कोणाकडे तो फॉर्म जातो? आणि समजा यांना न विचारता फॉर्म भरले, तर मागण्या कोणत्या येतात हे मी सांगतो : कुंपण घाला, फेरीवाले हटवा, प्रवेशशुल्क लावा, फाटक दुपारी बंद ठेवा. म्हणजे बाग सुधारते ती काही माणसं वजा करून. हा दोष फक्त महापालिकेचा नाही मित्रहो, तो आपला, फॉर्म भरणाऱ्यांचा आहे.

पवईचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. 1891च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी हा तलाव बांधून घेतला, पण त्याचं पाणी पिण्याच्या उपयोगाचं राहिलं नाही. सांडव्यावरून वाहणारं त्याचं पाणी मिठी नदीला जातं. या तलावात मगरी आहेत आणि त्या ऊन खायला काठावर येतात, म्हणजे काठ हे त्यांचं घर आहे. महापालिकेने या तलावाभोवती सुमारे 10 किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला. कल्पना वरवर किती चांगली! सायकल म्हणजे धूर नाही, आरोग्य आहे, निसर्ग आहे. एखाद्या फॉर्मात ‘सायकल ट्रॅक हवा का?’ असं विचारलं असतं, तर भरघोस ‘हो’ आले असते. मी स्वतः ‘हो’ म्हणालो असतो. पण मार्गाचा भाग थेट तलावाच्या कडेवर, पाणथळीत होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आम्ही पाणी झिरपेल अशी दगडांची रचना करतोय, असं पालिकेचं म्हणणं होतं. मे 2022मध्ये न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं, थांबवायला सांगितलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली.

यात शिकण्यासारखं काय? बहुमत त्या ट्रॅकच्या बाजूने असतं, तरी प्रश्न सुटला नसता. तळ्याच्या बाबतीत काही पक्षकार असे असतात, की ते बैठकीला येऊच शकत नाहीत. मगर येत नाही, पाणकावळा येत नाही, अजून न जन्मलेलं मूल येत नाही. म्हणून कायद्यात सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व आहे. कमलनाथ खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते आपल्याकडे स्पष्टपणे लागू केलं : नद्या, किनारे, पाणी यांचं सरकार हे मालक नसतं, विश्वस्त असतं. मी त्यात एक शब्द वाढवतो. काठावर राहणारे आपणही मालक नसतो. विश्वस्ताला ‘तुला काय आवडेल?’ असं विचारत नाहीत, ‘ज्यांच्या वतीने तू बसला आहेस त्यांचं हित कशात आहे?’ असं विचारतात.

बैठकीला न येणारा आणखी एक गट आहे : खालच्या अंगाला राहणारे. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. सांडव्याजवळ उभ्या केलेल्या स्मारकावरून मग बराच वाद झाला, तो न्यायालयातही गेला. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की तळ्याच्या सांडव्याजवळ काय बांधायचं, हा प्रश्न काठावर फिरायला येणाऱ्यांपुरता नाही. दोन-तीन किलोमीटर खाली तळमजल्यावर राहणाऱ्याचा त्यात जास्त जीव गुंतलेला आहे. आपल्या ‘रहिवासी’ या व्याख्येत तो बसतच नाही.

तिसरा प्रश्न, उत्तराचं पुढे काय होतं? इथे मला महाडला जावंच लागेल. मराठीत तळं आणि सार्वजनिकपणा यांबद्दल बोलायचं आणि चवदार तळ्याचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. 1924 साली महाड नगरपालिकेनेही ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर तळं सार्वजनिक झालं. प्रत्यक्षात? तीन वर्षं कोणी अस्पृश्य त्या पाण्याला हात लावू शकला नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि तळं त्या दिवशी सार्वजनिक झालं. त्यावर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, तळं सार्वजनिक नाहीच असा दावा कोर्टात लढवला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला, दहा वर्षांनी.

बागेचा फॉर्म आणि महाडचा संग्राम यांची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करत नाही. तो माणुसकीचा लढा होता. पण त्यातून एक गोष्ट कायमची शिकायची आहे : ठरावाने जागा लोकांची होत नाही. ज्याला आजवर तिथून दूर ठेवलं, तो तिथे हक्काने उभा राहिला की होते.

योगायोग बघा, त्याच 1927 साली जॉन ड्युई यांचं ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ हे पुस्तक निघालं. कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर त्यांच्याकडे शिकले होते. ड्युईंनी त्यात तज्ज्ञ आणि सामान्य माणूस यांच्याविषयी जोड्याचा दाखला दिला आहे. जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्याला कळतं, तो दुरुस्त कसा करायचा हे चांभार जास्त जाणतो. आपल्याकडे काय होतं? चांभाराने सांगायचं की तुम्हाला चावतच नाही, आणि घालणाऱ्याला विचारायचं की टाके किती घालू! म्हणजे काठ किती मागे ठेवायचा, पाण्याची पातळी काय, हे ज्यात अभ्यास लागतो ते मतदानाला टाकायचं, आणि संध्याकाळी सातनंतर या वाटेवर बाईला भीती का वाटते, व्हीलचेअर फाटकातून आत का जात नाही, हे जिथे लोकांनाच कळतं तिथे तज्ज्ञाने ठरवायचं. उलटी गंगा.

आता यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. अधिकारी म्हणतात : सर, सगळ्यांना विचारत बसलो तर दहा वर्षं बाग होणार नाही. बैठकीत तेच ते चार निवृत्त गृहस्थ येतात. (हशा) हो, मी त्यांच्यातलाच. आक्षेप खरा आहे. पण विचारण्याला लागणारा वेळ आणि चुकीचं बांधून ते पाडायला लागणारा वेळ, दोन्ही मोजले पाहिजेत. पवईत दुसरा वेळही गेला आणि पैसाही. आणि तेच चार गृहस्थ येतात, कारण बैठक सकाळी अकराला वॉर्ड ऑफिसात असते. त्या वेळी कामावरची माणसं कामावर असतात.

कायद्यात काही रस्ते आहेत, नाहीत असं नाही. 1966च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवून सुनावणी घ्यावी लागते. 74व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. पण बागेचं सुशोभीकरण बहुधा निविदेच्या वाटेने येतं, आणि तिथे अशी सुनावणी नसते. शिवाय 2022पासून काही वर्षं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. जाब विचारायचा तर कोणाला, हाच प्रश्न होता.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. संकल्पचित्र काढण्यापूर्वी पहिली बैठक व्हावी, नंतर नव्हे. ती तळ्याकाठीच व्हावी आणि तीन वेळांना व्हावी : सकाळी, दुपारी, अंधार पडल्यावर. त्या त्या वेळी जो काठावर असेल तो रहिवासी, त्याचा पत्ता विचारू नये. ‘काहीही बांधू नका’ हा पर्याय प्रत्येक फॉर्मात असावा. पुढची पाच वर्षं देखभालीला पैसा कुठून येणार हे संकल्पचित्राच्याच फलकावर लिहावं. आणि शेवटची, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर मिळावं. मान्य, तर कशी. अमान्य, तर का.

हा ‘का’ फार मोलाचा आहे. माझी सूचना फेटाळली याचं मला दुःख नाही, माणूस चुकतो, तळ्याचं हित माझ्या सोयीपेक्षा वेगळं असू शकतं. पण कारण न देता फेटाळलं, तर मला माणूस म्हणून मोजलंच नाही, फक्त डोकं म्हणून मोजलं. लोकशाहीत डोकी मोजावी लागतात हे मान्य आहे. पण दर पाच वर्षांनी मोजून झाल्यावर मधल्या काळात एकमेकांना कारणं द्यायची असतात. ती सवय विधानसभेत शिकता येत नाही, ती अशाच लहान जागी लागते. तुमच्या तळ्याचा फॉर्म पुढच्या वेळी आला, तर रंग निवडण्याआधी त्याच्या खाली हाताने एक ओळ लिहा : ‘मागच्या वेळच्या सूचनांचं काय झालं, ते आधी कळवा.’