सतरा लाख उत्तरपत्रिका आणि एक त्रैराशिक

धारूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत नावातली एखादी वेलांटी चुकली, की पूर्वी विद्यापीठाचे कार्यालय गाठावे लागे. विद्यापीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. वाट दीडशे किलोमीटरहून अधिक. एक दिवस एस.टी.त, एक खिडकीपुढे, आणि साहेब रजेवर असले तर पुन्हा तेच. अशा गावातून पाहिले तर विद्यापीठाच्या कारभारात संगणक यावा याबद्दल दुमत व्हायचे कारण नाही.

वाद आहे तो संगणक कसा आणला जातो याबद्दल. त्यासाठी मुंबई विद्यापीठाचे २०१७ सालचे उदाहरण शिक्षकांनी नीट पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. या पद्धतीत प्रत्येक उत्तरपत्रिकेवर बारकोडची पट्टी असते. स्कॅनर तिची पाने टिपतो आणि परीक्षक त्या प्रतिमा पडद्यावर पाहून गुण देतो. कल्पना चांगली आहे. बेरीज संगणक करतो, एखादे उत्तर तपासायचे राहिले तर ते लक्षात आणून देतो, आणि गठ्ठे गावोगाव वाहून न्यावे लागत नाहीत.

पण उत्तरपत्रिका होत्या सतरा लाखांहून अधिक. येथे आठवीच्या मुलालाही जमेल असे त्रैराशिक मांडू. उत्तरपत्रिकांची संख्या सोडली तर बाकीचे आकडे आपण धरलेले आहेत. एका उत्तरपत्रिकेची ३२ पृष्ठे धरली तर १७ लाखांची ५ कोटी ४४ लाख होतात. मिनिटाला ६० पृष्ठे टिपणारा स्कॅनर आठ तासांत २८,८०० पृष्ठे टिपतो. असे ५० स्कॅनर न अडखळता चालले तरी सुमारे ३८ दिवस लागतात, आणि हे झाले नुसते टिपणे! निकाल ४५ दिवसांच्या आत लावावा, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो. शिवाय दहा हजारांत एकच उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या क्रमांकाला जोडली गेली, तरी अशा १७० निघतात.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढच्या प्रवेशांसाठी मुले खोळंबली. २४ ऑक्टोबर रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे आहे. पण नवी रासायनिक क्रिया आपण मुलांना आधी परीक्षानळीत करायला लावतो, पिंपात नव्हे. एखादी लहान शाखा, एकच सत्र, जुन्या पद्धतीने पडताळा, एवढे आधी करायला हवे होते. हे सांगायला संगणकतज्ज्ञ लागत नाही.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. म्हणून ही पद्धत आपल्या महाविद्यालयात येईल तेव्हा प्राध्यापकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. मध्येच वीज गेली तर अर्धवट तपासलेल्या उत्तरपत्रिकेचे काय होते? पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेशी जोडली गेली की नाही, हे कोण पाहते? गुण बदलले तर जुने गुण आणि बदलणाऱ्याचे नाव नोंदीत राहते का? आणि पडद्यावरची प्रतिमा ताडून पाहायची झाली, तर मूळ कागद किती दिवस जपून ठेवलेला असतो?