घरातला अबोला

सिमोने मार्तिनी याने १३४२ साली रंगविलेले, लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनातील छोटेखानी चित्र आम्हांस मोलाचे वाटते. यरुशलेमच्या मंदिरात तीन दिवसांनी सापडलेला बारा वर्षांचा येशू हाताची घडी घालून उभा आहे. योसेफ त्याला आईपुढे आणतो; बसलेली मरिया हात पुढे करून जाब विचारते. चित्रकारांनी बहुधा शास्त्र्यांची सभाच रंगविली. मार्तिनीने ती गाळून घरातला अबोला रंगविला. लूकच्या शुभवर्तमानात पुत्र पुढे आज्ञेत राहतो. चित्र त्याआधीच थांबते, आणि हेच त्याचे बळ. पुत्र सापडल्याचा आनंद व तो केवळ आपला उरला नाही ही कळ, दोन्ही मातेच्या वाट्याला एकदमच येतात. वयात येणाऱ्या लेकरांशी बोलणे खुंटलेल्या आईबापांनी जाणावे : हे दुःख नाझरेथच्या घरानेही सोसले आहे.