मूलभूत कौशल्ये, यंत्र आणि वरणगावची एक शब्दसूची

आधुनिक यंत्रसाधनांमुळे तरुण पिढीची मूलभूत कौशल्ये क्षीण होत चालली आहेत, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते सिद्ध करून दाखविण्याची गरज कोणास वाटत नाही. त्याचा प्रतिवादही तितकाच रूढ आहे. लेखनविद्येमुळे माणसांची स्मृती दुबळी होईल, अशी भीती प्लेटोने आपल्या 'फीड्रस' या संवादात इजिप्तच्या एका राजाच्या तोंडी घातली आहे. तेव्हापासून प्रत्येक पिढी हेच बोलत आली, सबब आजची भीतीही पोकळ होय, असा तो प्रतिवाद. प्रस्तुत लेखकास दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटतात. कोणते कौशल्य 'मूलभूत' हे आधीच कायमचे ठरून गेले आहे, असे दोघेही गृहीत धरतात. मराठीपुरते बोलावयाचे तर ते तसे कधीच ठरलेले नव्हते.

मोडीचे उदाहरण घ्यावे. काही शतके मराठी मुलखात लिहिता येणे म्हणजे मोडी लिहिता येणे असाच व्यवहार होता; पोथ्यांपुरती बाळबोध आणि दफ्तर, पत्रव्यवहार, हिशेब यांसाठी मोडी. आधी पानभर आडवी रेघ मारावयाची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे तिच्याखाली ओवीत जावयाचे, ही त्या लिपीची रीत. हाताच्या वेगासाठी घडलेली ही लिपी छापखान्याच्या सुट्या खिळ्यांना मानवली नाही. सेरामपूर येथे विल्यम केरी यांच्या छापखान्यात मोडीचे खिळे पाडले गेले, मोडीत पुस्तकेही निघाली; परंतु पुढे छापील मराठी बाळबोधच झाली. 1831 साली प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा कोश बाळबोधीत आहे. हस्तलेखनात मोडी आणखी शतकभर टिकली आणि 1950 च्या सुमारास शाळांतूनही गेली. परिणाम आपल्या डोळ्यांपुढे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने आहेत आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. आपल्या खानदेशात धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात जाणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्यास हाच अनुभव येतो. एकेकाळी गावच्या कुलकर्ण्याचा मुलगा जे सहज वाची, ते वाचण्यासाठी आज पदव्युत्तर विद्यार्थ्यास पुराभिलेख खात्याच्या वर्गात बसावे लागते. तेव्हा यंत्राने कौशल्य जाते ही तक्रार सर्वस्वी पोकळ आहे, असे म्हणता येत नाही. निदान एकदा तरी ती अक्षरशः खरी ठरली आहे.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू सहसा कोणी पाहात नाही. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. ज्या कारकुनांच्या हस्तकौशल्याची आपण आज थोरवी गातो, त्यांना 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कागदावर दाखविण्याचे कारणच नव्हते. तो भेद सर्वसामान्य साक्षर माणसाचे कर्तव्य ठरला तो बाळबोधीच्या, म्हणजेच मुद्रणाच्या प्रसाराने. आज उत्तरपत्रिका तपासताना आपण ज्याच्या ऱ्हासाबद्दल सुस्कारे सोडतो, ते 'मूलभूत' कौशल्य एका यंत्राचेच देणे आहे. आणि ते देताना त्या यंत्राने दुसरे एक कौशल्य हिरावून नेले.

कधी कधी तर यंत्रावर भलताच आळ येतो. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे गणकयंत्राने बुडविले, असे अनेक विद्वानांच्या तोंडून ऐकले आहे. सोळा आण्यांचा रुपया 1 एप्रिल 1957 रोजी शंभर नव्या पैशांचा झाला, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले, आणि त्या पाढ्यांचे व्यवहारातील प्रयोजन तेथेच सरले. खिशातले गणकयंत्र आपल्याकडे आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांचा आधारही असाच सैलपणे घेतला जातो. 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातील 14 ते 18 वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास आपल्या भाषेतील इयत्ता दुसरीचा मजकूर अस्खलित वाचता आला नाही, तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिकांस जमले नाही, आणि सुमारे 90 टक्के घरांत स्मार्टफोन होता. ही तिन्ही विधाने एका ओळीत मांडली की कार्यकारणभाव आपोआप भासू लागतो. परंतु वाचनाची हीच रड या मालिकेच्या 2005 च्या पहिल्या अहवालातही आहे, आणि त्या वर्षी स्मार्टफोन खेड्यात पोहोचलेला नव्हता.

इतके म्हटल्यावर प्रस्तुत लेखक यंत्राच्या बाजूचा आहे असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही, आणि त्याचे कारण एका लहानशा अनुभवात आहे.

आमच्या काही विद्यार्थ्यांनी भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथे बोलीतील शब्द गोळा करण्याचे काम घेतले होते. बाहेर वरणगाव ओळखले जाते ते 1964 साली तेथे निघालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे. त्या निमित्ताने तेथे निरनिराळ्या प्रांतांची माणसे वसली आणि वसाहतीतली भाषा मिसळून गेली. म्हणून विद्यार्थ्यांनी मूळ गावातील वृद्ध स्त्रिया निवडल्या, हे त्यांनी योग्यच केले. पूर्व खानदेशातील या बोलींत प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी 'य' येतो, हे वाचकांस सांगावयास नकोच : डोळा तो 'डोया', केळी ती 'केयी'. विद्यार्थ्यांनी शब्द मोबाइलमध्ये बोलून उतरविले. यंत्राने ऐकले आणि आपल्या माहितीतला जवळचा शब्द लिहिला. सूची माझ्या हाती आली तेव्हा तीत 'डोळा' होता, 'केळी' होती, शुद्धलेखन निर्दोष होते, आणि ज्यासाठी वरणगावास जावयाचे ते काहीही तीत उरले नव्हते.

यंत्राने चूक केली यात नवल नाही. लेखनिकही चुका करीत. नवल याचे की चार विद्यार्थ्यांपैकी एकाच्याही ती लक्षात आली नाही, आणि त्यांतील एक तर वरणगावचाच होता. घरी तो 'केयी'च म्हणतो. कानाने ऐकलेले आणि पडद्यावर उमटलेले ताडून पाहण्याची क्षणभराची क्रिया मात्र त्यांच्याकडून झाली नाही. 'मूलभूत' या शब्दाला काही अर्थ द्यावयाचाच असेल तर तो येथे द्यावा, असे मला वाटते : साधनाने दिलेले उत्तर चुकीचे आहे हे ओळखण्यास जे ज्ञान लागते, ते मूलभूत. पाढे सगळे पाठ नसले तरी चालेल. पण बाराशेला आठाने भागून पडद्यावर पंधरा उमटले असता मनात खटकले पाहिजे. टंकलेखनात रोमन अक्षरांनी 'दिन' लिहू गेले असता यंत्र 'दिन' आणि 'दीन' दोन्ही पुढे करते. निवड करणाऱ्यास अर्थ ठाऊक नसेल तर ती निवड नव्हेच.

या संदर्भात बहिणाबाई चौधरींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आसोद्याची ही कन्या निरक्षर होती; तिच्या ओव्या घरच्यांनी, विशेषतः पुत्र सोपानदेव यांनी, कागदावर उतरविल्या आणि 1952 साली त्या ग्रंथरूपाने आल्या. तिच्या प्रतिभेविषयी आपण पुष्कळ लिहितो. उतरवून घेणाऱ्यांविषयी फारच थोडे. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. आईच्या तोंडचा 'य' सुधारून 'ळ' करणे त्यांना अवघड नव्हते, आणि त्या काळच्या सुशिक्षितांच्या दृष्टीने ते अनुचितही ठरले नसते. त्यांनी आईची बोली राखली. त्यांचा कान शाबूत होता आणि हात त्या कानाच्या आज्ञेत होता. त्या कानावाचून खानदेशाच्या बोलीचा हा सर्वांत मोठा ठेवा आपल्या हाती पांगळ्या प्रमाण मराठीत आला असता.

आम्ही ती सूची रद्द केली. विद्यार्थी वह्या आणि पेन्सिली घेऊन पुन्हा वरणगावास गेले, त्याच वृद्धांपुढे बसले, आणि या वेळी हातांनी लिहून घेतले. या दुसऱ्या सूचीत बहुतेक शब्द जसे उच्चारले तसे आले आहेत. एका वहीत मात्र अनेक ठिकाणी आधी 'य' लिहून मग तो खोडला आहे आणि वर सुवाच्य अक्षरात 'ळ' केला आहे. ती वही वरणगावच्या विद्यार्थ्याची. असे का केले म्हणून विचारले, तेव्हा तो संकोचून म्हणाला, "सर, शाळेत असं लिहिलं की गुण कापायचे."