सापळा, गोळी आणि ऋण

शिकारीच्या नीतीची चर्चा साहित्यविचारात बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते : प्राण्याला मारणे योग्य की अयोग्य? परंतु गुरांच्या कळपांवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्या अमेरिकेच्या नैर्ऋत्य सीमाप्रदेशात हा प्रश्न इतका सुटा राहत नाही. तेथे मेलेले वासरू हे रूपक नसून कुटुंबाचा तोटा असतो.

आल्डो लिओपोल्ड यांच्या ‘अ सँड कौंटी अल्मनॅक’ (१९४९) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील लांडगीवरचा निबंध कबुलीजबाबाच्या रूपात येतो. वनखात्यातील तरुण गोळी झाडतो, मरणाऱ्या लांडगीच्या डोळ्यांतील तेज विझताना पाहतो आणि ‘लांडगे कमी तर हरणे अधिक’ हा आपला हिशेब पुढे चुकीचा ठरल्याचे मान्य करतो. हरणे वाढतात, डोंगर उजाड होतो, अखेर हरणेच उपाशी मरतात. लांडगा संपवला, की कळप कुरणाच्या बेताने राखण्याचे त्याचे काम पशुपालकावर येऊन पडते. युक्तिवाद भक्कम आहे. तरीही लांडगीचे मरण येथे मारणाऱ्याच्या ज्ञानप्राप्तीचे साधन ठरते, ही अडचण उरतेच.

कॉर्मॅक मॅकार्थी यांची ‘द क्रॉसिंग’ (१९९४) ही कादंबरी असा दिलासा नाकारते. न्यू मेक्सिकोतील सोळा वर्षांचा बिली गाभण लांडगीला सापळ्यात पकडतो आणि न मारता मेक्सिकोच्या डोंगरांत परत नेऊ पाहतो. या करुणेतही स्वामित्व दडलेले आहे : तिला बांधून नेणारा तोच, तिचे घर कोठे हे ठरवणाराही तोच. सीमेपलीकडे ती हिसकावली जाते, कुत्र्यांशी झुंजवली जाते. शेवटी बिलीच तिला गोळी घालतो. बंदूक देऊन तो तिचे कलेवर मिळवतो.

आरंभी टाळलेली गोळी अखेरीस झाडावीच लागते. पहिली मालमत्तेच्या रक्षणासाठी झाली असती. दुसरी आपणच ओढवलेल्या यातनेचे ऋण म्हणून. ऋण फेडल्याने दोष फिटत नाही. म्हणूनच बिलीला केवळ करुणामय नायक मानणारे वाचन अपुरे वाटते.

१९९८ मध्ये या प्रदेशात मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडण्यात आले; पशुपालक आणि संरक्षक यांच्यातील वाद मात्र शमलेला नाही. कादंबरी त्यावर निवाडा देत नाही. मारणारा आणि वाचवणारा दोघेही वन्य जिवाच्या आयुष्यात हस्तक्षेप करतात. त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच ती विचारते. बिलीने बंदूक दिली. लांडगीने पोटातल्या पिलांसह प्राण दिले. हे दोन्ही एका तागडीत तोलता येत नाहीत, याचे भान समीक्षेने सोडू नये.