लक्ष्मीबाईंची आशा

दिवाळी अंकात मरणाविषयी लिहू नये, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरी यंदा पाटावर एक माणूस कमी बसले, त्या घरीही हा अंक जातोच. त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिले तर सणाला बाध येऊ नये.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण हसण्यासाठी वाचतो. टिळकांचा लहरीपणा, बाईंचे सोवळेओवळे, संसारातल्या फजित्या! आम्ही मास्तर मंडळीही वर्गात तेवढेच रंगवून सांगतो. माझी तक्रार अशी, की या हसण्यात ग्रंथाचा अर्धा भाग आपल्या हातून निसटतो. हे हसू रडून झाल्यानंतरचे आहे.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवरा जिवंत असून बाईंच्या वाट्याला वियोग आला. विधवेचे निदान सांत्वन तरी होते; या दुःखाला तर नावही नव्हते. पुढे त्या टिळकांकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच मनाशी सोडवला आणि मगच १९०० साली ख्रिस्ती झाल्या. म्हणून त्यांची श्रद्धा उसनी वाटत नाही.

तिची खरी परीक्षा पुढे झाली. मे १९१८ मध्ये, टिळकांच्या घरी मुलासारखे राहिलेले बालकवी ठोंबरे रेल्वेखाली गेले. ९ मे १९१९ रोजी खुद्द टिळक गेले. मागे राहिले अपुरे ‘ख्रिस्तायन’, जेमतेम अकराएक अध्यायांचे. ज्या बाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांनी ते पुढे चालवले आणि साठांवर अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या. मुलाने, देवदत्तांनी, ते पुरे करून १९३८ साली प्रसिद्ध केले.

काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रां’च्या पंक्तीला बसत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गद्यात बाई आपल्याशी बोलतात. ओवीत त्या पुष्कळदा नुसती कथा पुढे नेतात. तरीही मला हा ग्रंथ मोलाचा वाटतो.

आपण समाचाराला जातो तेव्हा म्हणतो, आत्मा अमर आहे, रडू नका. वचन थोर, पण रडणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरले की पोकळ होते. ख्रिस्तकथेत येशू लाजराच्या कबरेपाशी रडतो, आणि तेही त्याला उठवणार हे ठाऊक असताना! पुनरुत्थानाची पहाट उगवते ती तिसऱ्या दिवशी. शुक्रवारचा वधस्तंभ आणि शनिवारची ती मुकी शांतता कथाकाराला गाळता येत नाही. नवरा गेलेल्या बाईने ही कथा वर्षानुवर्षे ओवी ओवीने लिहावी, यात मला तिच्या आशेचे मर्म दिसते. ही आशा अश्रूंना मनाई करीत नाही. त्यांना वाट देते.

मी ख्रिस्ती नाही, आणि पुनरुत्थानाचा निवाडा करणे हे टीकाकाराचे कामही नव्हे. मला दिसते ते इतकेच: श्रद्धेने बाईंचे दुःख नाहीसे झाले नाही, पण त्या दुःखाला काम मिळाले. गेलेल्या माणसाचे अर्धे राहिलेले पान त्यांनी पुढे लिहायला घेतले. असे एखादे पान कोणत्या घरात नसते?