प्रतीक्षेची संहिता : निवडणुकीचा हंगाम आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'

परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट सप्टेंबर २००९ मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. १३ ऑक्टोबरला महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. चित्रपट सर्वत्र प्रदर्शित झाला तो मात्र २९ जानेवारी २०१० रोजी. म्हणजे दादासाहेब फाळके यांच्यावरील हा चित्रपट सर्वसाधारण प्रेक्षकाने पाहण्यापूर्वी जवळजवळ चार महिने सार्वजनिक बोलण्यात वावरत होता, आणि त्यातले पहिले काही आठवडे प्रचारसभांचे होते. हा काळ प्रसिद्धीखात्याचा विषय समजून समीक्षा सहसा बाजूला ठेवते. वस्तुतः कलाकृतीच्या ग्रहणाची प्रक्रिया याच काळात सुरू झालेली असते.

हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली 'अपेक्षाक्षितिजा'ची संकल्पना येथे उपयोगी पडते, पण ती आहे तशी पुरत नाही. याउस यांच्या विवेचनात हे क्षितिज मुख्यतः साहित्यप्रकाराची जाण आणि पूर्वीच्या कृतींचा परिचय यांतून घडते. निवडणुकीच्या हंगामात त्यात तिसरा घटक मिसळतो, तो प्रातिनिधिकतेचा. 'आपल्या वतीने कोण उभे आहे?' हा प्रश्न ज्या दिवसांत उमेदवाराविषयी विचारला जातो, त्याच दिवसांत तो चित्रपटालाही चिकटतो. 'प्रवेशिका' आणि 'निवड' हे शब्दच दोन्ही व्यवहारांत सारखेपणाने वावरावेत, यात भाषेचा खोडकरपणा आहे.

मराठीत हा योग दुसऱ्यांदा आला होता. २००४ मध्ये संदीप सावंत यांचा 'श्वास' ऑस्करसाठी निवडला गेला, तेव्हाही विधानसभेचे मतदान १३ ऑक्टोबरलाच झाले. परंतु 'श्वास'चा विषय एका आजारी मुलाचा आणि त्याच्या आजोबांचा होता. अस्मितेचा आरोप त्याच्यावर बाहेरून करावा लागत होता. फाळके यांच्याबाबतीत तशी गरज नव्हती. भारतीय चित्रपटाचा जनक मराठी माणूस, हे वाक्य घोषणेच्या रूपात तयारच होते. २००९ ची निवडणूक महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची पहिली विधानसभा निवडणूक होती आणि मराठी माणूस हा तिचा एक मुख्य शब्द होता.

हा शब्द नागपुरात कसा ऐकू येतो, याचा विचार केल्यावर 'मराठी प्रेक्षक' ही समीक्षेला सोयीची वाटणारी एकसंध कल्पना डळमळू लागते. त्या पक्षाने जिंकलेल्या १३ जागांपैकी एकही विदर्भात नव्हती. नाशिक शहरातल्या तिन्ही होत्या. निकालाचा हा भूगोल चित्रपटधंद्याच्या भूगोलाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्यपुनर्रचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी चित्रपट वितरणाच्या नकाशावर विदर्भ मुंबईच्या सर्किटमध्ये न जाता 'सी. पी. बेरार'मध्येच राहिला. राज्याचा नकाशा बदलला. पेट्यांतून रिळे ज्या वाटेने येत ती वाट बदलली नाही. ज्या शहराचा पडदा धंद्याच्या हिशेबात मुंबईचा नाही आणि जिथे वेगळ्या विदर्भाची मागणी दर निवडणुकीत डोके वर काढते, तेथील प्रेक्षकाची प्रतीक्षा गिरगावातल्या प्रेक्षकाच्या प्रतीक्षेसारखी असणे शक्य नाही. त्याला फाळके आपले वाटतात, पण त्या आपलेपणाला अंतराची जाणीव जोडलेली असते.

चरित्रपट आणि निवडणूक यांचा संबंध कायद्याच्या नजरेस आला तो पुढे. १० एप्रिल २०१९ रोजी निवडणूक आयोगाने 'पीएम नरेंद्र मोदी' या चित्रपटाचे प्रदर्शन रोखले. दुसऱ्याच दिवशी नागपुरात लोकसभेचे मतदान होते. निकालानंतर, २४ मे रोजी, तो प्रदर्शित झाला. आयोगाचा तर्क उघड राजकीय चरित्रनायकापुरता ठीक आहे. दिग्दर्शकाच्या चरित्रावर आचारसंहिता लागू होत नाही, व्हावी असे कोणी म्हणणारही नाही. मात्र त्यामुळे त्याचे ग्रहण राजकारणापासून मुक्त राहते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

एवढ्या अपेक्षेचे ओझे घेऊन आलेला प्रत्यक्ष चित्रपट ते ओझे हसत खाली ठेवतो. नंदू माधव यांनी उभे केलेले फाळके जादूचे प्रयोग करणारे, घरातले सामान विकताना न कण्हणारे, वेड लागल्यासारखे उत्साही गृहस्थ आहेत. चौथऱ्यावरचा पुतळा येथे कुठेही नाही. वडील हयात असताना मिशी कशी काढायची, म्हणून अडून बसलेले नट हा मोकाशींना विनोदाचा विषय वाटतो. पण त्याच विनोदातून पुरुषांनीच तारामती उभी करण्याची त्या काळाची अपरिहार्यताही दिसते. नाटकात वा चित्रात काम करणे कमीपणाचे असल्यामुळे नटांनी विचारणाऱ्यास 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत' असे सांगावे, ही फाळके यांची युक्ती शीर्षकात आली आहे. हे शीर्षक कलेला कारखान्याच्या, श्रमाच्या पातळीवर आणते. ज्याला स्मारक हवे होते, त्याच्या हाती कार्यशाळा दिली जाते. चित्रपटात शोकात्म खोली नाही, हा आक्षेप म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. त्यातील बराचसा भाग चित्रपटाच्या उणिवेचा नसून प्रतीक्षेच्या उरलेल्या गाळाचा आहे.

बराचसा, सगळा नव्हे. पहिल्या यशाच्या टप्प्यावर चित्रपट थांबतो. त्यामुळे १९१८ मधील हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी उडालेले खटके, बोलपटाने मागे टाकलेला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारलेला फाळके हा पडद्याबाहेरच राहतो. सरस्वतीबाईंचे श्रमही याच आनंदी गतीत वाहून जातात. दिवसभर घरकाम आणि रात्री फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, ही त्या फॅक्टरीतली सर्वांत अवघड पाळी होती. विभावरी देशपांडे यांच्या अभिनयात तिची चाहूल आहे. पटकथा मात्र तिथे रेंगाळत नाही. अस्मितेच्या घोषणेला दिलेला नकार मोकाशींना साधला. त्या नकारासाठी निवडलेल्या हलक्या सुराने या रात्रपाळीलाही सोबत गाळले.